अडतीस इंची माणूस

१ ऑक्टोबर, बुधवार

बियाण्यांच्या कंपनीने फुकट दिलेली ही डायरी जानेवारीपासून कोरी पडून होती. आजपासून लिहितो. एकोणतीस वर्षं मी शाळेची बस चालवली आणि रोज संध्याकाळी नोंदवही भरली. किती मैल झाले, कोणी सीटला च्युइंगम चिकटवलं, कोणी कोणाला चिमटा काढला, सगळं. त्या वहीने दोनदा माझी नोकरी वाचवली. तारीख-वार लिहिलेलं असलं की समोरचा गप्प बसतो. आता बस नाही, पण घरात काहीतरी शिजतंय, आणि उद्या वेळ आली तर माझ्याकडे तारखा हव्यात.

झालं असं की सकाळी नेडीन म्हणाली, "या वर्षी हॅलोविनचं माझं मी बघते. तू काही विचारू नकोस."

चौतीस वर्षांच्या संसारात हे पहिल्यांदा. आमच्या गावात अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये ३१ तारखेला जोडप्यांच्या सोंगांची स्पर्धा असते. विकतचं काही चालत नाही, सगळं घरच्या घरी केलेलं. नेडीन डोकं लढवते आणि मी नुसता उभा राहतो. मी धुलाई यंत्र झालोय, ती त्यातला हरवलेला मोजा. मी किटली, ती कप. मागच्या वर्षी मी बाथटब होतो, छातीवर पांढरे फुगे म्हणजे फेस, आणि ती पिवळं बदक. पहिलं बक्षीस घेतलं. मी नेहमी गोल वस्तू असतो. माझा पिंडच तो आहे. मग या वर्षी काय असं गुपित आहे?

५ ऑक्टोबर, रविवार

आज मापाचा दिवस. इतर लोकांच्या दारावर पोरांची उंची लिहिलेली असते. आमच्या कोठीच्या दारामागे माझ्या कमरेचा घेर लिहिलेला आहे. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी चर्चमधून आलं की नेडीन मला दाराशी उभं करते, टेप गुंडाळते आणि आकडा असा ओरडून सांगते की शेजाऱ्यांना ऐकू जावा. मागच्या वर्षीचा सत्तेचाळीस.

मी जेवण झाल्यावर दाराशी जाऊन उभाही राहिलो. ती म्हणाली, "राहू दे आज." टेप काढलीच नाही.

नंतर मी भांडी विसळत होतो तर मागून आली आणि मला मिठी मारली. चांगली घट्ट, दोन्ही हात पोटावर. तिची बोटं समोर एकमेकांत अडकली आणि ती तशीच उभी राहिली. पूर्वी तिचे हात पुढे पोचायचे नाहीत, त्यावरून आम्ही हसायचो. आज हसली नाही. काय गं, म्हटलं, तर म्हणाली, "काही नाही." विनाकारण मिठी मारणारी बायको म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय, हे सांगायला कोणी ज्योतिषी नको.

८ ऑक्टोबर, बुधवार

नेडीन वाचनालयात गेली तेव्हा तळघरात जाऊन पाहिलं. हो, पाहिलं. माझं घर आहे.

शिवणयंत्राशेजारी काळ्या प्लास्टिकच्या पाइपची चार कडी आणि त्यांवर शिवलेलं पिवळं जाड कापड, उभी नळकांडी असावी तसं. खालच्या टोकाला चंदेरी चिकटपट्टीचा पट्टा, त्याच्याखाली गुलाबी स्पंजाची कडा. शिवाय पुठ्ठ्याचा एक टोकदार शंकू, कॉफीच्या पाण्याने लाकडासारखा रंगवलेला, टोक काळं. पेन्सिल! दुसऱ्या पिशवीत कॉफी गाळायचे शेकडो कागद, चहात बुडवून वाळवलेले, कडेला पिवळा रंग, एकात एक शिवून घागरा केलेला. पेन्सिल तासल्यावर निघतात ना, ती सालं. म्हणजे ती शार्पनर. तरीच घरातले कॉफीचे कागद संपत होते आणि मला म्हणत होती की उंदीर नेतात.

कल्पना झकास आहे, ते मान्य. पण पेन्सिल कोण?

मी कड्याला आतून टेप लावली. टेपवरचे आकडे हल्ली फार फिके छापतात, खिडकीशी नेऊन डोळे बारीक करून वाचावे लागले. अडतीस. वर ढिला राहायला इंच-दीड इंच धरा. म्हणजे आतला माणूस छत्तीस-सदतीस. मी तर सत्तेचाळीस. लिहिलेलं आहे दारावर!

जिना चढताना दम लागला. राग आला की लागतो.

९ ऑक्टोबर, गुरुवार

मी लिहितोय हे तिला कळलंय की काय, कारण ती पण लिहायला लागली आहे. मी नळावर पाण्याचा जग भरला की ती एका पाकिटाच्या मागे रेघ मारते. आज सात रेघा होत्या. मी न्हाणीघरात गेलो की आणखी एक खूण. नवरा केव्हा कुठे असतो याची नोंद कोण ठेवतं? ज्याला त्या वेळात दुसरं काही उरकायचं असतं तोच ठेवतो.

पाणी मात्र प्यावंच लागतं. कोरड पडते. यंदा हवाच कोरडी आहे, मका लवकर वाळला.

१२ ऑक्टोबर, रविवार

माणूस सापडला.

चर्च सुटल्यावर नेडीन पार्किंगमध्ये रसेल टीगशी बोलत होती. हा रसेल आपल्या गावच्या दवाखान्यात असतो. डॉक्टर फक्त मंगळवारी येतो, बाकी दिवस हाच लोकांना तपासतो. बायको वारून तीन वर्षं झाली. रोज सहा मैल पळतो, दुपारी डब्यातून पाला खातो. कंबर म्हणाल तर पेन्सिलच. मी बसच्या आरशातून पाठीमागचं बघण्यात आयुष्य घालवलंय, मला माणूस कळतो. तो तिच्या दंडावर हात ठेवून बोलत होता आणि ती मान हलवत होती.

"काय म्हणत होता तो?" मी गाडीत विचारलं.

"काही नाही रे. तुझी चौकशी करत होता."

"माझी चौकशी त्याला कशाला?"

"डेल, तू एकदा त्याला दाखवून ये ना. नुसतं रक्त तपासायचं."

"माझ्या बापाने जन्मात दवाखान्याची पायरी चढली नाही."

"आणि एकसष्टाव्या वर्षी ट्रॅक्टरवरच गेला," ती म्हणाली आणि खिडकीबाहेर बघत बसली.

बघा, विषय कसा बदलला! घरी आल्यावर पुन्हा मिठी. या वेळी तिची बोटं मनगटांवर चढली होती.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

मुलांसाठी आणलेल्या गोळ्यांच्या पिशव्या गायब आहेत. त्या पिवळ्या-केशरी, मक्याच्या दाण्यासारख्या. आमच्याकडे हॅलोविनला पोरं दारात येऊन आधी विनोद सांगतात मग गोड गोळी मिळते, त्यामुळे साठा लागतोच. आणि त्यातल्या मूठभर मी रोज संध्याकाळी खातो, हे काही नवीन नाही. चार पिशव्यांतली एकही नाही. कपडे वाळवायच्या यंत्रात सापडल्या, टॉवेलखाली.

"इथे का?" विचारलं तर म्हणाली, "मुंग्या."

त्या मशीनचं आणखी एक. माझ्या सगळ्या पँटी त्याने बिघडवल्यात. आखडायला हव्या तर उलट ताणून ठेवल्यात, पट्ट्याला खिळ्याने तिसरं भोक पाडलं तरी घसरतात. दुकानदाराला फोन केला, तो म्हणे असं कधी ऐकलं नाही. खोटारडे सगळे.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

ती तळघरातून फोनवर बोलत होती. मी जिन्यात थांबलो. अक्षरन् अक्षर लिहितो.

"नाही, डेलला आत्ता कळता कामा नये. ... पुढच्या गुरुवारी, सव्वादहा. ... उपाशीच ना? बरं. ... रसेल, मला फार भीती वाटते रे."

उपाशी! म्हणजे नाश्ता बरोबर करणार आहेत. हमरस्त्यावरच्या त्या पॅनकेकच्या हॉटेलात असेल, जिथे तिला नेलं नाही म्हणून ती मला दहा वर्षं बोलतेय.

मी लाइलला फोन लावला. लाइल माझा जिवलग, एकोणतीस वर्षं माझ्या पाठोपाठ दुसरी बस चालवायचा. मे महिन्यापासून ऍरिझोनात लेकीकडे आहे, हॅलोविनच्या दिवशी परत येतोय. त्याला सगळं सांगितलं, कड्यांच्या मापासकट.

"नेडीन?" तो म्हणाला. "आपली नेडीन? डेल, डोकं फिरलंय का तुझं?"

"अडतीस इंच, लाइल. मी स्वतः मोजलं."

त्याने मला आकडा पुन्हा सांगायला लावला. मग म्हणाला, "मी आल्यावर बघतो त्या काडीपैलवानाकडे." बरं वाटलं. मग फोन ठेवून रडू आलं, ते का आलं कळलं नाही. चौतीस वर्षं म्हणजे काही गंमत नाही. ती गेली तर या घरात मी कोणासाठी दिवा लावू?

१९ ऑक्टोबर, रविवार

मिठी. तिसरी. मी हात झटकून टाकले. म्हटलं, "पुरे झालं नाटक."

ती कोठीत गेली आणि दार लावून घेतलं. बाहेर आली तेव्हा डोळे लाल होते. कांदे नव्हते आज जेवणात.

तळघरात पुन्हा डोकावलो. तिसरं कडं उसवून आणखी लहान केलंय. बेट्याचा व्यायाम जोरात दिसतोय.

२१ ऑक्टोबर, मंगळवार

गुन्हेगार एक तरी चूक करतोच. फ्रिजवर भोपळ्याच्या चुंबकाखाली चिठ्ठी, तिच्या अक्षरात, चांगली मोठी: "गुरुवार, १०.१५, रसेल."

माझ्या नाकासमोर! जी बाई गोळ्या टॉवेलखाली लपवते तिने ही चिठ्ठी फ्रिजवर लावावी? इतकी बेफिकिरी की इतका निर्लज्जपणा, देव जाणे. मी पाहिलंच नाही असं दाखवलं. ठरलं. गुरुवारी दोघांना रंगेहाथ पकडायचं. मारामारी नाही करायची, फक्त समोर उभं राहायचं आणि म्हणायचं, "नेडीन, मला तोंडावर सांग." पुढचं तिने बोलायचं.

२३ ऑक्टोबर, गुरुवार

संध्याकाळचे पाच. पलंगावरून लिहितोय. हात नीट चालत नाही, कारण दंडात सुई आहे. क्रमाने लिहितो.

सकाळी नाश्ता नाही. अंडी संपली, पाव संपला, दूध नासलं, असं सगळं एकाच दिवशी. "मी जरा बाहेर जाऊन येते," नेडीन म्हणाली आणि नऊ वाजताच गेली. जाताना दारात थांबून माझ्याकडे बघितलं, चिठ्ठीकडे बघितलं, आणि गेली.

मी ट्रक खाद्याच्या दुकानामागे लावला, म्हणजे कोणाला दिसू नये. तिथून दवाखाना दोन चौक. मध्ये दोनदा बसावं लागलं, एकदा बँकेच्या पायरीवर, एकदा रस्त्याच्या कडेला. पाय माझे नव्हतेच. तरी दहा वाजून तेरा मिनिटांनी दार ढकलून आत शिरलो.

नेडीन भिंतीशी बसली होती, मांडीवर ते कॉफीचे कागद, टाके घालत. रसेल कुठे दिसत नव्हता. मी तोंड उघडणार तेवढ्यात काउंटरवरची आर्डिस म्हणाली, "आलात का डेल! सव्वादहाचे तुम्हीच. दोन मिनिटं लवकर, शाबास. उपाशी आहात ना?"

नेडीनने शेजारच्या खुर्चीवरची पर्स उचलून मांडीवर घेतली. "बस," ती म्हणाली.

मी बसलो. दुसरं काय करणार? तीन माणसं बघत होती, त्यात माझ्या बसमधून शाळेत गेलेली एक पोरगी, आता तिच्या कडेवर पोर.

"ही चिठ्ठी तू मुद्दाम लावलीस," मी दबक्या आवाजात म्हटलं.

"दवाखान्यात चल म्हटलं असतं तर आला असतास?"

"नाही."

"मग? माझ्यावर पाळत ठेवायला मात्र तू बर्फातून चालत गेला असतास. चौतीस वर्षं ओळखते तुला." तिने दोरा दाताने तोडला.

रसेलने मला काट्यावर उभं केलं. एकशे त्र्याऐंशी पौंड. मी म्हटलं, काटा बिघडलाय. त्याने दुसरा आणला. तोच आकडा. दोन वर्षांपूर्वीची नोंद त्याच्याकडे होती, दोनशे शेहेचाळीस.

"पँटी सैल झाल्या नाहीत का हो?" त्याने विचारलं.

"कपडे वाळवायचं यंत्र..." मी सुरुवात केली आणि थांबलो. ऐकायलाच बरं वाटेना.

मग बोटाला टोचलं. उपाशीपोटी साखर चारशे बारा. त्याने तो आकडा मला दोनदा सांगितला, आणि नेडीनला पाकीट दाखवायला सांगितलं, रेघा मारलेलं. दोन आठवड्यांच्या पाण्याच्या रेघा. "यांनी फार चांगलं काम केलंय," तो म्हणाला. "आता लगेच काउंटीच्या हॉस्पिटलला जा. घरी नाही. लगेच."

गाडी नेडीनने चालवली. मी म्हटलं, मला वाटलं होतं ती पेन्सिल त्याची आहे. ती हसेल असं वाटलं होतं. तिने गाडी मक्याच्या शेताकडेला उभी केली आणि स्टिअरिंगवर डोकं ठेवलं.

"दारावर माप का नाही घेतलं या वर्षी?" मी विचारलं.

"मला तो आकडा मोठ्याने वाचायचा नव्हता." मग डोकं वर करून म्हणाली, "मी हाताने घेत होते माप. दर रविवारी माझी बोटं आणखी पुढे जायची. आणि तू म्हणतोस बारीक माणूस! त्या बारीक माणसाची मला भीती वाटायची, डेल. तो रोज माझ्या बाजूला येऊन झोपायचा."

मी तिची माफी मागितली. या वहीत जे जे लिहिलं त्या सगळ्याची, ती वाचणार नाही तरी.

२७ ऑक्टोबर, सोमवार

काल घरी सोडलं. इन्सुलिनची सुई पोटात मारायची, दिवसातून चार वेळा. नेडीनने संत्र्यावर सराव केला, मग माझ्यावर. म्हणाली, "संत्रं कमी ओरडतं." टेपवरचे आकडे अजून फिकेच दिसतात, म्हणजे टेपचा दोष नव्हता. साखर उतरली की नजर हळूहळू सुधारेल म्हणतात.

त्यांनी पोटाचा एक फोटोही काढलाय. एवढं वजन निव्वळ साखरेने उतरलं की आत आणखी काही आहे, ते बघायला. निकाल पुढच्या सोमवारी. मी म्हटलं, ठीक. खरंच ठीकच वाटत होतं. माझ्या मते तिथले लोक जरा जास्तच चौकशा करतात.

लाइलला फोन करून सगळं सांगायला हवं. लाज वाटते. तो आल्यावर सांगेन.

३१ ऑक्टोबर, शुक्रवार

गेलो. रसेलने परवानगी दिली, तासाभरासाठी.

पेन्सिल मला बरोबर बसली. कापड कुठे ओढलं गेलं नाही, कुठे झोळ नाही. शंकू डोक्यावरून खांद्यापर्यंत येतो, डोळ्यांपुढे फक्त जाळीची पट्टी. नेडीन शार्पनर, पुठ्ठ्याचा चंदेरी डबा अंगात आणि खाली सालांचा घागरा, चालली की सळसळ करत होता. हॉलमध्ये शिरल्याबरोबर लोकांनी टाळ्या वाजवल्या. एक जोडपं टोस्टर आणि पाव होऊन आलं होतं, पाव दर पाच मिनिटांनी उडी मारत होता. दुसरं जोडपं मक्याचं कणीस आणि लोण्याची वडी. पण आमच्यासारखं कोणी नव्हतं, हे मी निःपक्षपातीपणे लिहितो.

नेडीन माझ्यासाठी बिनसाखरेचं काहीतरी शोधायला गेली. तेवढ्यात कोणीतरी माझं कोपर पकडून मला कोट टांगायच्या खोलीत ओढलं. लाइल. उन्हाने रापलेला, लेकीकडून थेट इथे आलेला.

"हे बघ मित्रा," तो दात खात म्हणाला, "तू कोण मला माहीत आहे. लाज नाही वाटत? सगळ्या गावादेखत तिच्याबरोबर यायला? डेल वॉसबर्ग माझा मित्र आहे. संशयी आहे, हट्टी आहे, डोक्याने अर्धा आहे, पण त्या बाईवर जीव टाकतो. तो बिचारा आत्ता घरी एकटा बसला असेल. तुला कळतंय का तू काय करतोयस?"

शंकूच्या आत मला हसू येत होतं, आणि बरंही वाटत होतं, की माझ्या माघारी कोणीतरी माझ्यासाठी असं भांडतं. मग दोन्ही हातांनी शंकू वर उचलला. "लाइल," मी म्हटलं, "मीच आहे रे."

तो मोठ्याने हसेल, पाठीत गुद्दा घालेल अशी माझी खात्री होती. तो हसला नाही. माझ्या तोंडाकडे बघत राहिला, गळ्याकडे, मग हातांकडे. ओळख पटायला त्याला वेळ लागला, आणि पटल्यावर त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी आधी कधी पाहिलं नव्हतं. कोपरावरची पकड त्याने एकदम सैल केली, जणू मी मोडेन.

"डेल," तो म्हणाला. "अरे, बाकीचा तू कुठे गेलास?"

चारशे बारा ऐकून मला भीती वाटली नव्हती. काट्यावर नाही, सुईला नाही, त्या फोटोच्या यंत्रात आडवा पडलो तेव्हाही नाही. आता वाटली. लाइलने कोटांच्या खाली मला बाकावर बसवलं आणि नेडीनला हाक मारली. ती घागरा सळसळत धावत आली, माझ्या शेजारी बसली, आणि दोन्ही हातांनी मला कवळलं. तिची बोटं कुठपर्यंत पोचली ते या वेळी मी पाहिलं.

"सोमवारी तूही येशील ना माझ्याबरोबर?" मी विचारलं.

"मी आणि लाइल दोघं," ती म्हणाली. "आता गप्प बस."